दार्ताने वर केलेला हात

दार्ताला बर्फावर पहिल्यांदा मीच उभं केलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिच्या पायात भावाचे बूट होते. रीगातल्या आमच्या कर्लिंगच्या हॉलमध्ये बर्फ तयार करणं हे माझं काम. वीस किलोचा दगड बर्फावरून सोडायचा, दोघींनी त्याच्यापुढे ब्रश घासत धावायचं आणि तो पलीकडच्या वर्तुळात मधोमध थांबवायचा, एवढाच हा खेळ. बघणाऱ्याला हसू येतं. येऊ दे.

पोरांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवायचो. पळत्या दगडाला आपला ब्रश लागला तर हात वर करून आपणच सांगायचं, दुसऱ्याने पकडायची वाट बघायची नाही.

"आणि नाही सांगितलं तर?" दार्ताने विचारलं होतं.

"तर माझ्या बर्फावर पाय ठेवायचा नाही," मी म्हणालो. असली वाक्यं फेकायला मला फार आवडायचं.

तिची आई आयर्लंडमध्ये मशरूमच्या शेडमध्ये राबायची, बाप तुकुम्सला लाकडाच्या गिरणीत. तुकुम्सहून आगगाडीने तासभर प्रवास करून ही पोरगी रोज यायची. चार वर्षं ती सानिताच्या संघात ब्रश मारत होती. सानिता कप्तान, तिची आई इंगूना प्रशिक्षक. सराव संपला की इंगूना बाकीच्या तिघींना गाडीतून घरी सोडायची आणि दार्ता पिशवी उचलून स्टेशनची वाट धरायची. तक्रार करणं तिला येतच नव्हतं. तिला एकच हवं होतं: युरोपच्या स्पर्धेला जाणाऱ्यांना मिळतं ते पाठीवर 'लाटविया' लिहिलेलं जाकीट.

जानेवारीत देशाची अंतिम लढत झाली. गुण बरोबरीत, शेवटचा दगड सानिताचा. दार्ता आणि एविया त्याच्यापुढे ब्रश घासत धावल्या आणि दगड अगदी मधोमध थांबला. सानिता किंचाळली, इंगूना बाकावर चढली. दार्ता मात्र हात वर करून उभी होती.

"काय झालं गं?" सानिताने विचारलं.

"लागला. माझा ब्रश."

"कोणी पाहिलं?"

"मी."

अशा वेळी दगड ठेवायचा की काढायचा, हे समोरच्या संघाने ठरवायचं असतं. त्यांच्या कप्तानाने "सॉरी गं" म्हटलं आणि दगड पायाने बाजूला सारला. मध्याजवळ आता त्यांचाच दगड उरला, सामना गेला. ब्रश लागलेला मीही कडेवरून पाहिला होता. तिच्याशेजारी जाऊन उभं राहता आलं असतं. मी बर्फाचं यंत्र तपासायला आत निघून गेलो.

वर्तमानपत्राने दार्ताच्या कौतुकाच्या चार ओळी छापल्या. इंगूनाने त्या हॉलच्या कॅफेत सगळ्यांदेखत मोठ्याने वाचल्या. "घ्या, आल्या सत्यवादी बाई! हात दाखवून अवलक्षण, ते हेच!" सगळे हसले.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला दार्ताचा नामदिवस, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाला दिलेला दिवस. आमच्यात नामदिवसाला कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याला माया असेल तो आपणहून येतो. तिने रात्रभर जागून क्लिंगेरिस, म्हणजे केशर-मनुकांचा मोठा गोड पाव, भाजला होता. तो आगगाडीतून मांडीवर सांभाळत आणला आणि कॅफेत मांडून ती बसून राहिली. पाच वाजता सानिता आणि एविया आल्या, हातात पांढरी फुलं. दार्ताचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"बस, बस. आम्ही थांबत नाही," सानिता म्हणाली.

दार्ताने फुलं घेतली आणि मोजली. आमच्याकडे सगळेच मोजतात. जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची असतात, सम फुलं मेलेल्याला. ती चार होती.

"तुझ्या जागी दुसरी घेतलीय. तुझ्या प्रामाणिकपणाला शांती लाभो," सानिता म्हणाली.

एविया खिदळली. जाताना दोघींनी क्लिंगेरिसचा एकेक तुकडाही उचलला. दार्ताने एक फूल मोडून कचऱ्यात टाकलं, उरलेली तीन पेल्यात ठेवली आणि मला विचारलं, "काका, तुम्हाला देऊ?" मी दोन तुकडे खाल्ले. फार चांगला झाला होता.

दुसऱ्या कुठल्याही संघाने तिला घेतलं नाही. "उद्या आमचंही सांगशील," म्हणायचे. मग मी तिला माझ्या हाताखाली घेतलं. पाठीवर पाण्याचा डबा बांधून ती बर्फावर थेंब शिंपडायची, त्याच गोठलेल्या थेंबांवरून सानिताचे दगड पळायचे.

पुढच्या वर्षी सानिताचा संघ युरोपच्या स्पर्धेला गेला. कॅफेतल्या टीव्हीवर आम्ही सगळे बघत होतो. शेवटचा दगड निघाला, एविया ब्रश घासत धावली, आणि ब्रश दगडाला लागला. पडद्यावर स्वच्छ दिसलं. एवियाने एकदा इकडेतिकडे पाहिलं. हात खालीच राहिला. दगड मधोमध थांबला आणि कॅफे नुसता दणाणून गेला.

"लागला," मागून दार्ता म्हणाली. पाठीवर डबा तसाच होता.

"गप गं, आज तरी!" मी म्हणालो.

"काका, तुम्ही पाहिलंत."

मी पाहिलं होतं, तरी टाळ्या वाजवत होतो. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, डबा उतरवून जमिनीवर ठेवला आणि बाहेर गेली. त्याच महिन्यात ती आईकडे गेली, मशरूम खुडायला.

आता बर्फ मी एकटाच करतो. नव्या पोरांना नियम अजून सांगतो. परवा एका चिमुरडीने विचारलं, "आणि नाही सांगितलं तर?"

"तू आधी दगड सोड," मी म्हणालो.