सरदारबींचं काळीज

मस्तगडला सरदारबींचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर सतरंजी, मागं काचेचं कपाट. चाळीस वर्षांत त्यांनी माप म्हणून घेतलं नाही. हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा उंचवटा दाबायचा आणि म्हणायचं, "सव्वादोन." कधी वर ऐकवायच्या, "वैनी, लोणचं जादा खाऊन राह्यल्या का? बोटं सुजली की."

यंदा संक्रांतीच्या आधी मी त्यांच्यासमोर हात देऊन बसले होते. चौथी बांगडी निम्म्यावर होती, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचा एकुलता एक मुलगा कलीम भोकरदनच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. केदारखेड्याजवळ गाडी उलटली, कलीम राह्यला न्हाई, असं कुणीतरी सांगितलं. सरदारबींनी फोन खाली ठेवला. माझी बांगडी पुरती मनगटात सरकवली. मग छाती धरून भिंतीला टेकल्या.

पाचच मिनिटांत कलीमचा स्वतःचा फोन. गाडी नाल्यात कलंडली होती खरी, पण त्याचं फक्त कोपर खरचटलं होतं.

"मंग आता कशाचं दुखतंय, चाची?" शेजारचे राधेश्यामभाऊ हसले. "पोरगा बराबर आहे, पेढे मागवा."

पण दुखणं थांबेना. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळी लक्षणं हार्ट अटॅकची. लगेच अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "ब्लॉकेज कुठेच नाही." कलीम तोवर येऊन पोचला होता. त्यानं तेवढंच ऐकलं आणि अल्लाचे आभार मानले.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सरदारबी पुन्हा ओट्यावर.

"गोळ्या?" मी विचारलं.

"कशाला? नसा कोऱ्या करकरीत निघाल्या. बातमी झूठ, बिमारी झूठ. अख्खा मोहल्ला पळवला मी, वैनी. शरम वाटून राह्यली."

समोरच्या मुलीच्या हातात दोन बांगड्या चढवल्या आणि त्यांना धाप लागली. मी त्यांचा सुजलेला घोटा दाबून पाहिला. बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग फाइल मागून घेतली. ब्लॉकेज नसल्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, ती कुणी वाचलीच नव्हती. हृदयाची ताकद तीस टक्के.

दुपारी सरदारबी, कलीम आणि मी डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. त्या दिवशीचं सरदारबींचं हृदय. वरचा भाग धडधडत होता आणि खालचा अर्धा फुगून, अरुंद गळ्याच्या मडक्यासारखा, गप्प उभा होता.

"धक्क्यानं स्नायूच सुन्न झालाय," डॉक्टर म्हणाले. "नसा मोकळ्या असल्या तरी धोका खराच. गोळ्या सोडल्या तर जिवावर बेतेल. नीट घेतल्या तर बहुतेकांचं पुन्हा पहिल्यासारखं होतं."

"पण बातमी तर झूठ होती," कलीम म्हणाला.

"ते काळजाला नंतर कळलं."

कॉलेजात मी हृदयाची आकृती काढून दहापैकी नऊ मार्क मिळवले होते. चार कप्पे, बाण, तांबडी-निळी पेन्सिल. कानावर पडलेला एक शब्द, बांगडी मनगटात उतरायच्या आत, या मांसाचा आकार बदलून टाकतो, हे त्यात कुठंच नव्हतं. मी त्या पडद्याकडे पाहतच राहिले. शेजारी सरदारबी मान खाली घालून बसल्या होत्या, जणू त्यांचीच चूक.

कलीमनं गाडी मित्राकडे दिली आणि स्वतः ओट्यावर बसला. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. निम्म्या बांगड्या त्याच्या हातात फुटायच्या. आतून सरदारबी ओरडायच्या, "हात है वो, गाडी का गियर नै." पण दोन्ही वेळच्या गोळ्या तो समोर उभं राहून गिळायला लावी.

दीड महिन्यानं पुन्हा तपासणी होती. खोलीत अंधार केलेला, पडदा कलीमच्या बाजूला. सरदारबी कुशीवर पडलेल्या, त्यांना काही दिसत नव्हतं. मी कलीमच्या मागं उभी राहून पडद्याकडे पाहिलं. खालचा तो गप्प अर्धा भाग आत येत होता, बाहेर जात होता, वरच्याच्या बरोबरीनं.

"क्या दिख रा रे?" सरदारबींनी विचारलं.

कलीम पडद्याला नाक लागेल इतका वाकला.

"चल रा, अम्मी," तो म्हणाला. "पूरा चल रा."