साडेबारा सीसी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी वर्धा जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवत होतो. पोरं समोर सर म्हणत. पाठ वळली की काय म्हणत ते मी कधी ऐकायला थांबलो नाही. कॉम्प्रेशन रेशो काढायला शिकवणं हा माझा आवडता धडा. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव यांवरून पिस्टन किती जागा व्यापतो ते काढायचं. पिस्टन पार वर आला की त्याच्या डोक्यावर चिमूटभर जागा उरते. दोन्हींच्या बेरजेला त्या चिमटीनं भागायचं, की झालं. हे मी इतक्या रुबाबात सांगत असे, जणू इंजिनाचा शोध माझ्याच घरच्या ओसरीवर लागला होता.

आमच्याकडे स्टँडवर एका जुन्या मोटरसायकलचं इंजिन होतं. व्यास आणि धाव मी फळ्यावर लिहून देई. त्यातून सत्त्याण्णव सीसी आणि वर थोडं येई. मोजायची राही ती चिमूट. त्यासाठी स्पार्क प्लगच्या भोकातून सिरिंजनं तेल सोडायचं आणि किती मावलं ते पाहायचं. माझा शेजारी सावंगीच्या दवाखान्यात कामाला होता, तो कोऱ्या सिरिंज आणून देई. पुस्तकात या इंजिनाचा रेशो आठ पूर्णांक आठ दिलेला होता. म्हणजे तेल साडेबारा सीसी मावायला हवं, हे पोरांना परीक्षेच्या आधीच पाठ असे.

त्या वर्षी ट्रेडमध्ये पहिल्यांदाच एक मुलगी होती. नाचणगावहून सायकलनं यायची. वडिलांनी एकाच अटीवर पाठवलं होतं: नापास झाली तर गुपचूप शिवणकामाच्या वर्गात बसायचं. प्रॅक्टिकलला रेशोचा प्रश्न सक्तीचा होता, त्यात शून्य म्हणजे सगळंच नापास.

वीस पोरांनी तेल ओतलं आणि विसांचंही नेमकं साडेबारा आलं. मी खूश झालो. वीस जणांच्या हाती थेंबाचाही फरक पडत नाही, हे शिकवणाऱ्याचं यश नाही तर काय! हिचं मात्र साडेचौदाच्या आसपास आलं आणि रेशो सात पूर्णांक पंचाहत्तर.

‘‘तेल पिस्टनच्या रिंगमधून खाली झिरपलं. तू बघत बसलीस,’’ मी म्हणालो.

‘‘नाई सर. तीन खेपा मोजलं. दर खेपेले तेवढंच येऊन राह्यलं.’’

‘‘मग पुस्तक खोटं?’’

‘‘पुस्तकाचं मले नाई माहीत. इंजिन असंच सांगून राह्यलं, तं मी काय करू?’’

उद्धटपणा मला खपत नसे. मी तिच्या उत्तरावर फुली मारली आणि शून्य दिलं. नागपूरहून आलेले परीक्षक चहाला गेले होते. रिंग झिरपते हे तिला पुराव्यानिशी दाखवावं म्हणून मी एकट्यानंच सिलिंडरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, नट सोडले. हेड उचललं, तर खाली सांधा बंद करणारी पातळ गॅस्केटं एक नाही, दोन.

क्षणभर मला वाटलं, कोणा मूर्खानं हे केलं? मग तो मूर्ख आठवला. दोन वर्षांपूर्वी पेट्रोलची मंजुरी आली नव्हती आणि वर्ग तर घ्यायचा होता. मग आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं. इंजिन घासलेटवर घेतलं, आणि ते आतून खटखट ठोकू नये म्हणून हेडखाली आणखी एक गॅस्केट सरकवलं. त्यानं वरची जागा वाढली, रेशो उतरला. पुढे पेट्रोल आलं आणि गॅस्केट तिथंच राहिलं. त्यानंतर प्रत्येक बॅचला मी त्याच इंजिनावर साडेबारा मोजायला लावत होतो आणि प्रत्येक बॅच मला साडेबारा मोजून देत होती.

मी परीक्षकांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

‘‘म्हणजे पोरीचं बरोबर, आन् वीस जणाईनं ढापलं?’’

‘‘हो.’’

‘‘मंग एकीसाठी विसाईले नापास करता का मास्तर? आन् अहवालात काय लिहू, संस्थेचं इंजिन घासलेटवर चालते म्हून?’’

मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. शून्य देताना हात कसा झरझर चालला होता!

‘‘रीत बरोबर लिहिली हाय ना तिनं?’’ ते म्हणाले. ‘‘तं रीतीचे गुण द्या. उत्तरावरची फुली राहू द्या.’’

मी रीतीचे गुण दिले. काठावर का होईना, ती पास झाली. गुणांच्या पाकिटाला लाखेची मोहर लागली आणि मला इतकं हायसं वाटलं, की जणू मोठा न्यायच करून आलो होतो.

ती बाहेर सायकलजवळ उभी होती. पास झालीस, असं सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. मग तिनं विचारलं, ‘‘सर, पन माझं उत्तर? थे चुकलंच होतं ना?’’

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग तिचं ‘काऊन, कसं काय?’ आलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं असतं. मी भ्यालो. एका एकोणीस वर्षांच्या मुलीला भ्यालो.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘जरा चुकलं होतं.’’

तिनं मान हलवली. कॅरिअरवरची रफ वही काढली, सीटवर ठेवून पान शोधलं, आपलं सात पूर्णांक पंचाहत्तर नीट रेघ मारून खोडलं आणि माझ्यासमोर तिथं आठ पूर्णांक आठ लिहिलं.