कमळाकरकाकांचा आवाज आणि एच ड्राइव्ह

पेणला रामवाडीत नितेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे वडील जन्मभर खाडीकडच्या मिठागरात राबले. नितेशला मात्र लहानपणापासून बंद पडलेली वस्तू उघडून बघायची खोड. कोर्स केला, पनवेलला एकाच्या हाताखाली काम शिकला आणि मग गावाजवळ येऊन स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक कितीही तणतणत आलं तरी हा शांत. "बघू दे, काय म्हणतोय तो," असं मशीनबद्दल माणसासारखं बोलायचा. त्याच्या हातून मशीन सुधारल्याशिवाय जात नाही, असं लोक म्हणायचे. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

गणपतीनंतर एकदा रोह्याहून अपेक्षाचा फोन आला. कमळाकरकाकांची मुलगी. कमळाकर म्हणजे पेणपासून रोह्यापर्यंतच्या कबड्डीच्या मैदानांवरचा आवाज. नोकरी रोह्यातल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, पण संध्याकाळी कुठंही सामने असले की माईक यांच्याच हातात. नितेश तरुणपणी खेळायचा. एकदा त्याची पकड झाली, तेव्हा काका माईकवरून म्हणाले होते, "पोरगा पडला, पण काय पडला बघा!" अख्खं मैदान हसलं होतं आणि नितेशही मातीत पडल्या पडल्या हसला होता.

"बाबांचा आवाज चाललाय दादा," अपेक्षा म्हणाली. "नसांचा आजार हाय. डॉक्टर म्हणाले, हळूहळू बोलणं बंदच होईल."

मुंबईच्या हॉस्पिटलने एक सॉफ्टवेअर दिलं होतं. पडद्यावर एकेक वाक्य येणार, ते माणसाने माईकमध्ये वाचायचं. पुरेशी वाक्यं झाली की सॉफ्टवेअर त्याचाच आवाज तयार करणार. मग बोलणं गेलं तरी लिहिलेलं त्याच्या आवाजात ऐकू येणार. पण ते लॅपटॉपवर चढतच नव्हतं.

नितेश मोटरसायकल काढून नागोठण्यावरून रोह्याला गेला. काका खुर्चीत बसले होते. हात जडावलेले, जीभ जड, पण बोललेलं कळत होतं.

"ये रे पकडीवाल्या," ते म्हणाले.

लॅपटॉप सुरू केला. सॉफ्टवेअर अर्ध्यावर जायचं आणि लाल खूण दाखवून थांबायचं. एच ड्राइव्ह चुकीचा आहे, एवढंच म्हणणं. या लॅपटॉपला एच नावाचा ड्राइव्ह, म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा, नव्हताच. नितेशने फाइल पुन्हा उतरवून घेतली, मशीन बंद करून सुरू केलं, अँटीव्हायरस थांबवला. लाल खूण तीच.

"दुसऱ्या लॅपटॉपवर टाकूया का?" त्याने विचारलं.

"नाय चालणार," अपेक्षा म्हणाली. "हॉस्पिटलने याच लॅपटॉपची नोंद केलीय. विंडोज पुसून नवीन टाकलं तरी नोंद जाईल म्हणाले. परत अर्ज, परत वाट बघायची."

"आणि काकांच्या सामन्यांची जुनी रेकॉर्डिंगं असतील ना?"

"विचारलं ते पण. मैदानातला गोंगाट असतो त्यात. त्यांना नाय चालत."

हॉस्पिटलच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, तुमच्या मशीनमध्ये आहे. ते खरंही होतं. नितेश तसाच परत आला.

दुकानात इतर कामं करताना त्याच्या डोक्यात एचच घोळत होता. मग सुचलं आणि त्याने अपेक्षाला फोन केला. "हा लॅपटॉप कंपनीचा ना?"

"व्हय. रिटायर झाले तेव्हा कंपनीनेच दिला."

आता उलगडा झाला. कंपनीत सगळ्यांचे कागद एका मोठ्या सर्व्हरवर राहायचे आणि हा लॅपटॉप त्या जागेला एच म्हणायचा. नोकरी संपली, सर्व्हर तिकडे राहिला, लॅपटॉप घरी आला. पण आपली जागा अजून तिकडेच आहे, अशी त्याची समजूत कायम होती.

पुढच्या खेपेला नितेश स्वतःचा लॅपटॉप घेऊन गेला. त्यातला एक फोल्डर जोडून काकांच्या लॅपटॉपवर त्याला एच नाव दिलं. एच दिसायला लागला. अपेक्षाने टाळी वाजवली. सॉफ्टवेअर चढवायला घेतलं, तर लाल खूण पुन्हा तिथेच.

"अहो, समोर दिसतोय की एच!" अपेक्षा रडकुंडीला आली.

"आपल्याला दिसतोय गो," नितेश म्हणाला. "सॉफ्टवेअर चढवताना मशीन मालकाच्या, म्हणजे आतल्या अ‍ॅडमिन खात्याच्या, अधिकाराने चालतं. आपण जोडलेलं त्या मालकाला दिसत नाय."

त्याने डॉक्युमेंट्सच्या फोल्डरचा पत्ता बदलून लॅपटॉपच्या स्वतःच्या ड्राइव्हवर आणला. तरीही नाही. काका सगळं बघत होते. मागच्या खेपेला अख्खी वाक्यं बोलणारा माणूस आता एकेक शब्द ओढून आणत होता. त्यांनी काहीतरी विचारलं. नितेशला कळलं नाही. त्याने पुन्हा विचारायला लावलं आणि तेव्हाही कळलं नाही. शेवटी त्यांची बायको जनीकाकी आतून म्हणाली, "जेवून जातोस का विचारतायत."

तो जेवायला बसला. मशीन अडलं की वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. इथे तो लाल खुणेशी झगडत होता तेवढ्यात एक आवाज दर दिवसाला थोडा थोडा चालला होता.

तिसऱ्या खेपेला त्याने रजिस्ट्री उघडली. मशीनच्या सगळ्या सवयी जिथे लिहिलेल्या असतात ती जागा. एक अक्षर चुकलं तर मशीनच बसायचं, म्हणून आधी तिची नक्कल काढून ठेवली. मग एचचा पत्ता शोधत सुटला. डॉक्युमेंट्सचा बदललेला होता. फोटोंचा आणि गाण्यांचा पत्ता अजून कंपनीच्याच सर्व्हरवर होता. आजवर या लॅपटॉपवर कुणी एक गाणंही ठेवलं नव्हतं. त्या रिकाम्या फोल्डरांनी एवढे दिवस दार अडवून धरलं होतं. त्याने दोन्ही पत्ते दुरुस्त केले, मशीन पुन्हा सुरू केलं. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटपर्यंत गेली.

"झालं!" अपेक्षा ओरडली. "बाबा, झालं!"

माईक काकांच्या तोंडाजवळ धरला. पडद्यावर वाक्य आलं, 'आज हवा छान आहे.' काकांनी श्वास भरून घेतला, मानेच्या शिरा ताणल्या. घशातून नुसता घोगरा वारा निघाला. आवाज पुरेसा नाही, पुन्हा वाचा, असं सॉफ्टवेअर म्हणालं. त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. नितेशने माईकचा जोर वाढवला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. कशीबशी चार-पाच वाक्यं गेली. मग काकांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

अपेक्षाने पुढे बरेच दिवस प्रयत्न केला. सकाळी ताजेतवाने असताना, औषधानंतर, गरम पाणी पाजून. पुरेशी वाक्यं कधी झालीच नाहीत. शेवटी हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं, सॉफ्टवेअरमधला तयार आवाज वापरा.

तो बसवायला नितेशच गेला. काकांनी एका बोटाने सावकाश अक्षरं दाबली. खोलीत एक अनोळखी, गुळगुळीत पुरुषी आवाज बोलला, "जने, नितेशला चहा दे."

जनीकाकीने दचकून दाराकडे पाहिलं. कोणी आलंय असं तिला वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली.

चहा आणून ठेवताना ती हळूच म्हणाली, "नितेश, हा बोलणारा बंद करता येतो का रे? अक्षरं तेवढी राहू देत. मी वाचीन."

नितेशने काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, करून टाक म्हणून. ते एका बटणाचं काम होतं. त्याने केलं. काकांनी पुन्हा बोट चालवलं आणि काकी चष्मा लावून पडद्यासमोर वाकली, अक्षर अक्षर लावत वाचायला लागली.