पुसेगावहून आणलेलं बेणं

साल दोन हजार चोवीस. मला शहात्तरावं चालू होतं. त्या साली हळदीला भाव आला आणि मी घरातली सगळी हळद विकली, बेणंसुद्धा (पुढच्या लावणीसाठी राखायचे गड्डे). बायको म्हणाली होती, "बेणं आधी सावलीला काढून ठेवतेत, मग गाडी भरतेत." मी तिलाच गप्प केलं.

लावणी तोंडावर आली तेव्हा डोळे उघडले. दोन गुंठे लावून निदान बेणं तरी धरावं म्हटलं. आमच्या कुरुंद्यात कुणीही दिलं असतं, पण गावाला कळलं असतं. म्हणून पुसेगावच्या युसूफकडे निघालो. तरुणपणी आम्ही दोघांनी एकाच कढईवर हळद शिजवलेली.

हिंगोलीच्या स्टँडवर मी कुणाला विचारलं नाही. गाडी दिसली, बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ही नांदेडला चालली. पाटी वाचली न्हाई का?"

"चौथी शिकलोय मी," म्हणालो आणि उतरलो. पुढची गाडी दोन तासांनी मिळाली.

पुसेगावात रानं नांगरून तापत पडलेली. युसूफने बसवून भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. त्याचा थोरला सलीम आखातातून सुट्टीवर आलेला. तिकडे जमिनीतला गॅस इतका गार करतात की त्याचं पाणी होतं, मग जहाजं भरून परदेशी विकतात. तिथंच तो कामाला.

"हे चांगलं का वाईट?" मी विचारलं.

"दोन्ही, चाचा. देशाला पैसा येतो, आमाला पगार. घेणाऱ्या मुलखात कोळसा कमी जळतो. पण गार करण्यातच बराच गॅस खर्ची पडतो, वाटेत गळला तर हवा तापते. काही देशांत घरच्या लोकांनाच महाग पडतो. आन् गेलेला गॅस जमिनीत परत भरत न्हाई."

"मग काय उशाला घेऊन झोपायचं? भाव हाय तोवर सगळं विकून मोकळं व्हावं!"

युसूफचा भाकरी मोडणारा हात थांबला. "बराबर. मग आज काहून आलास?"

मी ताटाकडे बघत विचारलं, "बेणं हाय का?"

सलीम हसला. युसूफ हसला नाही. आत जाऊन एक पोतं आणून माझ्यापुढे ठेवलं. "गॅस उगवत न्हाई म्हणून संपतो, यार. तुझं तर उगवत होतं."

सलीमने पोतं फाट्यापर्यंत आणलं. गाडी दिसल्यावर हळूच म्हणाला, "अब्बांकडं दोनच पोती होती, चाचा. आता आमचा निम्मा तुकडा मोकळा राहील."

तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण लोक बघत होते. मी गाडीत चढलो.

वाटभर पोतं पायाला लागत होतं. सलीमच्या त्या मुलखाला मी शहाणपण शिकवत होतो, आणि माझ्या हट्टापायी दुसऱ्याचं रान पडीक पडत होतं.

घरी बायकोने पोतं उघडलं. एकेक गड्डा निवडलेला, जाड. "कुठून आणलं?"

"विकत."

"असलं कुणी विकत न्हाई," ती म्हणाली आणि पोत्याचं तोंड बांधून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने तेच पोतं घेऊन मी पुसेगावला निघालो. हिंगोलीच्या स्टँडवर आधी कंडक्टरला विचारलं, मग बसलो.