दत्तोबा भावजींचं एक बोट तेल

दत्तोबा भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. हडपसरात त्यांचं गॅरेज होतं, म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. पाटी नव्हती. कुणी विचारलं तर म्हणत, "ज्याला यायचं हाय त्याला पत्ता ठाव हाय."

शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाजवळ झालं. सासरे गेनबा, मुलांचे आबा, ते इंजिन बैलासारखं जपायचे. त्यांचा एक नेम होता. तेल मोजायच्या पट्टीवर वरची खूण असते ना, तिच्यापेक्षा एक बोट जास्त तेल ठेवायचं. "जनावर आनि इंजिन अर्धपोटी ठेवू नये," असं त्यांचं म्हणणं. इंजिन एकवीस वर्षं चाललं. पुढे जमीन गेली, तिथे इमारती झाल्या, सासरेही गेले. पण एका बोटाचा नेम भावजींनी टेंपो, रिक्षा, जीप सगळ्यांना लावला आणि कधी कुणाची तक्रार आली नाही.

सत्त्याण्णव साली त्यांच्याकडे शरच्चंद्र नावाचे डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर, बोलायला अगदी मऊ. पण रविवारी त्यांच्या अंगात यायचं. शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर महिन्यातून एकदा हौशी मंडळी ड्रम मांडून वळणं तयार करत आणि घड्याळ लावून गाड्या पळवत. डॉक्टरांची छोटी लाल गाडी त्यांतली. जन्मभर भाजीचे टेंपो दुरुस्त केलेल्या भावजींच्या हाती आलेली ती एकच पळणारी गाडी. तिचं बॉनेट ते आधी हात धुऊन मग उघडत.

गाडी पळे चांगली, पण धूर सोडे. निळा, उदबत्तीच्या कारखान्यासारखा. भावजींनी मला समजावलं होतं. इंजिन जोरात फिरलं की पोटात वाफ कोंडते. ती बाहेर निघायला वर एक नळी असते. वाफेबरोबर तेलाचे बारीक थेंब येतात, ते परत हवेच्या वाटेनं इंजिनातच जाऊन जळतात, म्हणून धूर. यावर त्यांनी उपाय काढला. नळीच्या वाटेत एक डबा बसवायचा, त्यात तारेची घासणी कोंबायची. थेंब घासणीला चिकटून खाली बसतात, वाफ पुढे जाते.

आधी माझा चहाचा डबा गेला. तो दोन फेऱ्यांत भरून वाहिला. मग पोह्यांचा गेला, मग तुपाचा. घासण्या तर किती गेल्या देव जाणे. आमचे हे म्हणाले, "दत्त्या, आता पिंप बसव. गाडी मागनं ओढंल."

प्रत्येक फेरीनंतर डब्यात जितकं तेल आलेलं असे तितकंच नवं तेल भावजी इंजिनात ओतत. एक बोट जास्त, नेमाप्रमाणे.

दोनदा धुरापायी गाडी शर्यतीतून बाहेर काढली गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दत्तोबा, रागावू नका. या रविवारी धूर आला तर गाडी कॅम्पातल्या गॅरेजात देईन म्हणतो. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे."

"असू द्या की. माझ्याकडं लिंब हाय," भावजी म्हणाले. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी अर्धी भाकरी ताटातच टाकली.

त्या रविवारी डबा घेऊन मीही गेले. माझा डबा जेवणाचा होता. पहिल्या फेरीला डावीकडच्या मोठ्या वळणावर धूर निघालाच. झेंडा धरून उभ्या असलेल्या हेमाताईंनी गाडी बाहेर घेतली. "डॉक्टर, आणखी एकदा दिसला तर आज घरी जायचं."

भावजींनी तुपाचा डबा उघडला. काठोकाठ. नव्या तेलाचा कॅन घेतला, नरसाळं लावलं. मग नरसाळं काढून ठेवलं आणि इंजिन निवेपर्यंत थांबले. पट्टी पुसली, बुडवली, बघितली. पुन्हा पुसून बुडवली. तेल बरोबर खुणेवर होतं, ना वर ना खाली.

"डॉक्टर, सरळ रस्त्याला धूर येतो का हो?"

"कधीच नाही. वळणावरच येतो."

भावजींनी माझ्याकडून पाण्याचा तांब्या मागितला. काठोकाठ भरलेला होता. जरा कलता केला, तर पाणी त्यांच्या चपलेवर. मग चार घोट प्यायले आणि पुन्हा तेवढाच कलता केला. एक थेंब सांडला नाही.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "आबाचं इंजिन एका जागी बसल्यालं. त्याला कुठं वळायचं व्हतं?"

त्यांनी कॅन बाजूला ठेवला आणि झाकण फिरवलं. डॉक्टर घाबरले. "अहो, तेल? इंजिन जाम झालं तर?"

"झालं तर माझ्या खर्चानं नवं बांधून देतो. बसा."

बोलले खरे, पण झाकणावरचा हात काही उचलेना. बापाचा शब्द पहिल्यांदाच मोडत होते. मी जेजुरीकडे तोंड करून हात जोडले. देवाला इंजिनातलं किती कळतं मला माहीत नाही, पण त्याच्या कानावर घातलेलं बरं.

गाडी सुटली. मोठ्या वळणावर एका अंगाला झुकली. मी डोळे मिटले, पण भावजींनी नाही मिटले. सहाच्या सहा चकरा झाल्या आणि हेमाताईंचा झेंडा काखेतच राहिला.

डब्यात फार तर दोन चमचे तेल होतं. भावजींनी ते सगळ्यांना फिरून दाखवलं. बारा गाड्यांत डॉक्टर सातवे आले, पण पहिले आल्यासारखे नाचत होते.

हेमाताईंनी विचारलं, "मेस्त्री, इतके दिवस काय चुकत होतं?"

"बापाचं ऐकत व्हतो, ताई."

"आणि आता?"

"आता पट्टीचं ऐकतो. ती बापापरास कमी बोलती."

डॉक्टर किल्ली हातात घोळवत जवळ आले. "दत्तोबा, ते कॅम्पातलं..."

"उद्या सकाळी आना गाडी," भावजी भाजी-भाकरी खात म्हणाले. "क्लच घसरतोय. मघाधरनं ऐकतोय मी."

डॉक्टरांनी किल्ली तिथेच, त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि लाल गाडी भावजींकडेच सोडून आमच्या गाडीतून घरी गेले.