अष्टमीची भरती

माझा धाकटा मेव्हणा रत्नागिरीत शाळामास्तर होता. एकोणीसशे तिसानंतरच्या वर्षांत त्याने एक अद्भुतरम्य कादंबरी लिहिली. ती छापून यावी, याखेरीज त्याला दुसरी हौस नव्हती. रविवारी संध्याकाळी तो आमच्या ओटीवर येई आणि मला व पत्नीला नवे प्रकरण वाचून दाखवी.

राजपुत्राची गादी चुलत्याने बळकावलेली. ती अष्टमीच्या मध्यरात्रीच परत मिळेल, असा देवीचा शब्द. राजपुत्राजवळ बोलणारी तलवार. गड मेव्हण्याने आमच्याकडच्या खाडीतोंडच्या पूर्णगडावरून घेतला होता, हे न सांगता कळत होते. शेवटी त्या मध्यरात्री राजपुत्राचे गलबत भरतीबरोबर खाडीतून थेट गडाखाली लागते आणि पहारेकरी दरवाजे उघडतात.

मी त्याला तिथेच थांबवले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. अष्टमीला भरती सहाला. बाराला पुरी ओहोटी, गडाखाली नुसता चिखल. गलबत रुतणार.

"तलवार बोलते ते यांना चालतं," पत्नी भावाला म्हणाली, "पाणी तेवढं पंचांगाप्रमाणे हवं."

मी म्हटले, बोलणारी तलवार आपण कोणी पाहिलेली नाही, खाडी रोज पाहतो. अमावास्या घाल, काळोखही मिळेल आणि पाणीही. पण देवीचा शब्द पहिल्या प्रकरणापासून अष्टमीचा होता. तो हलवला तर सगळी कादंबरीच हलत होती. मेव्हणा कागद गुंडाळून निघून गेला.

पुढच्या रविवारी त्याने गलबत रुतवून आणले. राजपुत्र कमरेइतक्या चिखलातून चालतो, जड होते म्हणून तलवार टाकून देतो आणि रिकाम्या हाताने गडावर पोचतो. तो कुणाला ओळखू येत नाही. एक म्हातारा पहारेकरी तेवढा आवाजावरून ओळखतो.

पुण्याच्या एका प्रकाशकाचे उत्तर आले. छापू, पण चिखल काढा. राजपुत्र वाजतगाजत यावा, हातात तलवार असावी. मेव्हणा विचारायला आला.

"काढून टाक," मी म्हटले. "पुण्यात खाडी कुठे आहे?"

"भावोजी, चिखल काढला तर तो राजा कशाने झाला?"

तरी छापून घे, असेच मी सांगितले. हातची संधी घालवणे मला व्यवहाराचे वाटत नव्हते. त्याने नकार कळवला. कादंबरी छापली गेली नाही.

त्यानंतरही तो रविवारी येत राहिला. वाचायला मात्र काही आणीत नसे.