बुधाजीने थांबवलेली लॉरी

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत बुधाजीइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. आणि हे मी सांगतोय, ज्याला तोंडाळपणापायी तीन सेठांनी कामावरून हाकललं. मी कुशाबा, लॉरी चालवायचो. बुधाजी परळच्या एका गॅरेजात मिस्त्री होता. चालू इंजिनावर तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानाशी दाबून डोळे मिटायचा आणि सांगायचा, टॅपेट ढिलं आहे, नाहीतर पंपाचा दांडा झिजलाय. टॅक्सीवाले त्याच्यापुढे हात बांधून उभे राहायचे. मला त्याचा हेवा वाटायचा, म्हणून मी त्याला 'डाक्टर' म्हणून चिडवायचो. तो कधी हसला नाही.

बायको पहिल्या बाळंतपणात गेल्यापासून घरात तो आणि त्याची आई, एवढीच माणसं. आईला सगळी चाळ मालनकाकी म्हणायची. तिची तीस वर्षं गिरणीत गेली होती. कापसाची धूळ छातीत बसलेली, चार पायऱ्या चढली की कठडा धरून उभी राहायची. तिची इच्छा एकच होती. कामगार मैदानावर एकदा बाबासाहेबांची सभा झाली होती, तेव्हा ती इतकी मागे होती की तिला फक्त हॅट दिसली. मरायच्या आधी त्यांना समोरून बघायचं, एवढंच ती मागायची.

छप्पन्न साल उजाडलं तेच गोळीबाराने. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे मोर्चा. जानेवारीत एका दगडाने माझ्या लॉरीची पुढची काच गेली, तिथे अर्ध्या भागाला पत्रा ठोकून मी गाडी चालवत होतो. लॉरी लालबागच्या शामरावांची, त्यांची लाकडाची वखार होती. लढाईनंतर लिलावात घेतलेली ती म्हातारी. दारं खडखडायची, फाळके खडखडायचे, बॉनेटसुद्धा दोरीने बांधलेलं. त्या गोंगाटातून इंजिनाचा आवाज वेगळा काढायला बुधाजीच लागायचा.

ऑक्टोबरात दसऱ्याला नागपुरात बाबासाहेबांच्या हातून दीक्षा होती. धडधाकट माणसं रेल्वेच्या दारांना लोंबकळत निघाली. मागे उरल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या, त्यांना त्या गर्दीत कोण चढू देणार? चाळीस जणी होत्या. मी शामरावांच्या वखारीवर तीन दिवस धरणं धरलं, तेव्हा त्यांनी आठवड्यापुरती लॉरी दिली. गुरुवारी पहाटे निघायचं ठरलं. चाळीत पांढरी लुगडी धुऊन वाळत पडली, भाकऱ्या आणि लसणाच्या चटणीची गाठोडी बांधून झाली. मालनकाकी तर बुधवारी दुपारीच गाठोडं घेऊन जिन्यात बसली होती.

बुधवारी संध्याकाळी मी लॉरी चाळीसमोर लावली. इंजिनातून टकटक येत होती. ती मला दोन दिवसांपासून ऐकू येत होती, पण मी मूग गिळून होतो. बुधाजी गॅरेजातून येत होता, तो रस्त्यातच थांबला.

"बंद करू नको," तो म्हणाला.

"टॅपेट हाय रे. नागपूर करून येईल आरामात."

त्याने बॉनेटची दोरी सोडली, स्क्रूड्रायव्हर लावला. मग एकेका प्लगची वायर काढून ऐकू लागला. तिसरी वायर काढली आणि टकटक दबली. त्याने परत लावली, परत काढली.

"तिसऱ्याचं बेरिंग गेलंय, कुशा. कसाऱ्याच्या घाटात पिस्टनचा दांडा तुटला तर इंजिन फोडून बाहेर येईल."

"आणि नाय तुटला तर?"

"मागं चाळीस माणसं हायत. मी सोडणार नाय."

मी जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळी चाळ खाली उतरली. समोरच्या खोलीतली लक्ष्मी तान्हं पोर कडेवर घेऊन त्याला म्हणाली, "तुमच्या घरात दिवा लावायला कुणी नाय, आमच्या तरी पोरांच्या आड येऊ नका." किल्ली त्याने खिशात घातली होती.

मालनकाकी जिन्यातून उठली नाही. एवढंच विचारलं, "मग आता कधी रं?"

"डिसेंबरात बाबासाहेब हितंच येणार हायत, आये. मुंबईतच दीक्षा देणार. तुला चालत नेतो."

"तवर मी टिकंन का?"

"टिकशील."

गुरुवारी आणि शुक्रवारी त्याने बेरिंगसाठी सुट्या भागांचा बाजार पालथा घातला. तेवढ्या जुन्या गाडीचं बेरिंग मिळालं नाही. शनिवारी खंडेनवमी, सेठने गॅरेजातली सगळी हत्यारं पूजेला मांडली. रविवारी, ऐन दसऱ्याला, त्याला घरात बसवेना. म्हणाला, निदान उघडून तरी ठेवू. तिकडे नागपुरात लाखो माणसं हात जोडून उभी असतील, तेव्हा आम्ही दोघं लॉरीखाली उताणे पडून तेलाचं चेंबर उतरवत होतो.

तिसऱ्याचं बेरिंग त्याने बोटाने पुसलं. ते नव्यासारखं होतं. चौथं पुसलं, पहिलं पुसलं. एकावरही चरा नव्हता. तो लॉरीखालून बाहेर आला, इंजिनाच्या तोंडाशी असलेली पुली दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. टक. पुन्हा हलवली. टक. पुढचा नट ढिला होता आणि पुलीला दांड्यावर घट्ट धरणारी आतली चावी झिजली होती. तिसऱ्या प्लगची वायर काढल्यावर इंजिन नेमकं मंदावलं, म्हणून आवाज दबला होता, बस्स. तासाभराचं काम. बुधवारी एकदा पुलीला हात लावला असता तर गुरुवारी पहाटे आम्ही निघालो असतो.

मला शिवीसुद्धा सुचेना, इतकं त्याचं तोंड उतरलं होतं. लॉरीच्या चाकाला टेकून तो खाली बसला आणि म्हणाला, "आयेला काय सांगू?"

"काय नको सांगू. बेरिंग बदललं म्हण. डिसेंबर काय लांब हाय?" हे माझे शब्द.

त्याने माझं ऐकलं. मग सुरू झालं भलतंच. मालनकाकी नळावर, भाजीवाल्यापाशी, देवळाच्या कट्ट्यावर सांगत सुटली, "माझ्या लेकानं चाळीस जीव वाचवलं. सगळी चाळ अंगावर आली, पण हटला नाय." लक्ष्मी डोळे पुसत शिऱ्याची वाटी घेऊन आली आणि त्याच्या पाया पडली. त्याने वाटी घेतली आणि तशीच खाली ठेवली. दर चार दिवसांनी मला गाठून विचारायचा, "सांगून टाकू का?" मी म्हणायचो, "म्हातारीला एकदा बाबासाहेब बघू दे, मग सांग. तेव्हा ती हसून सोडून देईल." त्याने गॅरेजात स्क्रूड्रायव्हर कानाला लावणंही सोडलं होतं. कुणी आवाज ऐकायला सांगितलं तर म्हणायचा, उघडल्याशिवाय बोलणार नाही. टॅक्सीवाले दुसरीकडे जाऊ लागले.

नोव्हेंबरात काकीचा खोकला वाढला. बुधाजी तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचा. तिला पेज भरवायचा, तिची पाठ शेकायचा. ती टिकेल ना, एवढी एकच काळजी आम्हा सगळ्यांना होती.

सहा डिसेंबरला दिल्लीहून बातमी आली, बाबासाहेब गेले. टिकायचं होतं ते म्हातारीने, आणि ती टिकली होती. मी चाळीच्या मधोमध पोरासारखा रडलो. बुधाजी रडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आईला पाठीवर घेतलं आणि अंत्ययात्रेबरोबर दादरच्या चौपाटीपर्यंत नेलं. पार्थिवाची गाडी दोनदा समोरून गेली. फुलांच्या राशीत काकीला चेहरा काही दिसला नाही.

चितेसमोर भन्तेंनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली. वाळूत उभे राहून आम्ही एकेक वचन म्हणत होतो. खोटं बोलणार नाही, हे वचन आलं आणि माझ्या शेजारचा बुधाजीचा आवाज थांबला. लाखो माणसं पुढच्या वचनावर गेली. मग त्याने ते मागून, एकट्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत कुणाची चूल पेटली नव्हती. काकी गॅलरीत भिंतीला टेकून बसली होती, लक्ष्मी तिचे पाय चेपत होती. लक्ष्मी म्हणाली, "जाऊ द्या, काकी. आपण घाटात गेलो असतो तर आज रडायला तरी कोण राहिलं असतं?"

"तर काय," काकी म्हणाली. "माझ्या लेकानं..."

"आये, बेरिंग चांगलं होतं." बुधाजी दारात उभा होता. "पुढची पुली ढिली होती. एक नट. माझं चुकलं. लॉरी गेली असती."

लक्ष्मीचे हात थांबले. मी पुढे होऊन म्हणालो की लपवायला मीच सांगितलं होतं. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. काकी लेकाकडे बघत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"दसऱ्यापासनं."

"मला कशाला सांगितलंस रं?" ती म्हणाली. "बाबासाहेब गेले, मला दिसले नायत. पण त्यापायी चाळीस जीव तरी राहिले, असं म्हणून परवापासनं मी श्वास घेत होते. तेवढंच होतं माझ्यापाशी, बुधा. तेबी काढून नेलंस."

बुधाजी खाली बसला आणि त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय मागे घेतले नाहीत. पण हात तिने मांडीवरच ठेवले, आणि त्याच्या डोक्यावरून ते फिरले नाहीत.